कटिंग जमलं, पण माणूस अजून टांगलेलाच दिसतोय

ठाण्यात फोटो एडिटिंगची पहिली नोकरी बहुतेकांना लग्नाचे अल्बम करणाऱ्या स्टुडिओत मिळते, नाहीतर फ्लेक्सच्या दुकानात. तिसरी वाट ऑनलाइन विक्रीच्या कॅटलॉगची. दिवसभर चपला, कुकर, कुर्ते कापायचे आणि मागे पांढरं टाकायचं. मी त्या वाटेने आलो आणि सध्या घोडबंदर रोडवरच्या गृहप्रकल्पांच्या जाहिरातींची चित्रं जोडतो, म्हणजे वेगवेगळ्या फोटोंतली माणसं, इमारती, आकाश कापून एकाच चित्रात बसवतो. पेन टूलवर, म्हणजे वस्तूची कड आखून ती कापायच्या साधनावर, हात बसायला कॅटलॉगसारखी शाळा नाही. फक्त तिथे एक समज डोक्यात घट्ट बसतो की कड स्वच्छ कापली म्हणजे काम संपलं.

आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलाने अशीच जीव ओतून कटिंग केली होती. केसांची बट न् बट शाबूत. आमच्या दादांनी स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "अरे, हा माणूस उभा कुठे आहे? टांगलाय." खरंच, पायाखाली काहीच नव्हतं.

म्हणून मी आधी पायाकडे बघतो. बूट जिथे जमिनीला टेकतो तिथे एक अगदी बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. ही टेकण्याची सावली. तिच्यापासून निघून लांब पडणारी सावली वेगळी: बुटाजवळ तिची कड स्पष्ट असते आणि पुढे जाईल तशी ती मऊ होत जाते. दोन्ही एकाच लेयरवर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एका थरावर) उरकायला गेलात तर एकही धड होत नाही. दोन वेगळे लेयर घ्या, दोन्ही मल्टिप्लायवर ठेवा, म्हणजे खालचं चित्र दिसत राहून फक्त गडद होतं. आणि रंग काळा घेऊ नका. उघड्यावरच्या सावलीत आकाशाचा निळसरपणा उतरलेला असतो, तेव्हा त्याच फोटोतल्या एखाद्या खऱ्या सावलीतून रंग उचला.

दुसरी गोष्ट क्षितिजाची. सपाट जमिनीवर उभं राहून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून फोटो काढला, तर क्षितिजरेषा त्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांच्या डोळ्यांतून जाते, मग माणूस जवळचा असो की लांबचा. ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठावर समोर इमारती आल्याने क्षितिज दिसत नाही. तिथे कठड्याच्या आणि फरशीच्या रेषा वाढवत न्या. त्या जिथे मिळतात, त्या उंचीवर क्षितिज. आता तुमचा माणूस त्या रेषेला लावून लहानमोठा करा. 'किती टक्के स्केल करू?' हा प्रश्न त्यानंतर कोणी विचारत नाही.

मात्र माणूस मोबाइलने अगदी जवळून टिपलेला असेल तर स्केलनेही भागत नाही. जवळून काढल्यामुळे डोकं मोठं आणि पाय आखूड झालेले असतात. लांबून टिपलेल्या बॅकग्राउंडमध्ये तो उपराच दिसतो. असा फोटो सरळ बाजूला ठेवावा. निम्मं काम फोटो निवडतानाच होतं असं माझं मत आहे, आणि नवी मुलं नेमकी तिथे सगळ्यात कमी वेळ देतात.

उजेडाचं गणित आपल्याकडे नकाशा बघून सोडवता येतं. येऊरचे डोंगर ठाण्याच्या पश्चिमेला. त्यामुळे त्यांचा शहराकडचा उतार सकाळी उजळतो. संध्याकाळी सूर्य त्यांच्यामागे जातो आणि डोंगर काळपट दिसतात. तरीही जाहिरातींमध्ये येऊरमागे सोनेरी सूर्यास्त, डोंगर लख्ख हिरवा आणि डोंगराकडे पाठ करून बाल्कनीत उभ्या कुटुंबाच्या चेहऱ्यावर थेट ऊन, असं सर्रास दिसतं. त्या चित्रात दोन सूर्य आहेत. नवी मुंबईत उलटं. पारसिकची रांग पूर्वेला आणि खाडी पश्चिमेला, म्हणून तिथे डोंगरावर सोनेरी ऊन हवं असेल तर ते संध्याकाळचंच.

क्लायंटला हिरवे डोंगर आणि खाडीतले फ्लेमिंगो एकाच चित्रात हवे असतात, तो आणखी एक किस्सा. फ्लेमिंगो साधारण हिवाळ्यात येतात आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. डोंगर हिरवे होतात त्यानंतर. मी एकदा हे सांगून बघतो. ऐकलं तर ठीक, नाहीतर 'कलात्मक चित्र' ही ओळ कोपऱ्यात वाचता येईल एवढ्या आकारात टाकतो. महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड यांचीही जागा सुरुवातीलाच सोडा. शेवटी कोंबायला गेलात तर मुलाच्या डोक्यावर येतात.

रंग जुळवण्याआधी सगळ्यात वर एक तात्पुरता कृष्णधवल लेयर टाका. रंग गेले की उजेडाची गफलत लगेच उघडी पडते. लांबच्या वस्तूतला काळा कधीच पूर्ण काळा नसतो, मधल्या हवेने तो फिकट झालेला असतो. डोंगराजवळ ठेवलेल्या टॉवरच्या खिडक्या तुमच्या माणसाच्या केसांइतक्या काळ्या दिसल्या तर टॉवरचे कर्व्ह (उजेड-अंधार कमीजास्त करायची रेषा) खालून थोडे उचला, म्हणजे काळा फिकट होतो. मग रंग, आणि सगळ्यात शेवटी 100 टक्के झूम करून दाणा (फोटोतला बारीक खरखरीतपणा) आणि शार्पनेस सगळीकडे सारखा करा.

'एआय आलं, आता हे शिकून काय उपयोग?' हे सगळेच विचारतात. 2023 पासून फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आहे, म्हणजे निवडलेली जागा एआय स्वतः भरून देतं; मीही वापरतो. आकाश वाढवायला, वायरी काढायला झकास. पण बिल्डरला त्याचीच इमारत हवी असते, मजले आणि खिडक्या मोजून, आणि ती शेवटी जोडावीच लागते. ऑस्कर रेजलँडरने 1857 साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापलं होतं; उजेड कुठून येतोय हे त्यालाही बघावंच लागलं असणार.

फोटोशॉप परवडत नसेल तर गिम्प किंवा ब्राउझरमधलं फोटोपी घ्या. लेयर, मास्क (लेयरचा नको तो भाग न पुसता झाकायची सोय), कर्व्ह दोन्हींत आहेत. मुलाखतीला जाताना तयार चित्राशेजारी मूळ फोटो ठेवा आणि लेयर असलेली फाइल लॅपटॉपवर न्या. आमच्याकडे सावलीचे लेयर बंद-चालू करून बघतात. लेयरना नावं दिलेली असू द्या, आणि आधीच्या स्टुडिओतले लोकांच्या लग्नाचे फोटो परवानगीशिवाय दाखवू नका. त्याऐवजी घरचा स्टीलचा डबा उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसवून दाखवा. डब्यात आजूबाजूचं प्रतिबिंबही बनवावं लागतं, त्यामुळे तुम्हाला कितपत येतं ते समोरच्याला लगेच कळतं.