जुनी विज्ञाननाट्यं ऑनलाइन रेडिओवर कशी ऐकावीत

इंग्रजी नाटक नुसतं ऐकून कळेल का, ही शंका आधी बाजूला काढू. मी मराठी शाळेत शिकलेली, सांगलीत मुद्रितशोधनाचं काम करणारी बाई. दिवसभर अक्षरं तपासून डोळे चुरचुरतात, रात्री आणखी पडदा नको वाटतो, म्हणून मी रेडिओवरच्या या जुन्या इंग्रजी विज्ञाननाट्यांकडे वळले. इंग्रजी सिनेमा मला आजही खालच्या ओळी वाचल्याशिवाय धड कळत नाही. पण १९५० च्या दशकातलं रेडिओनाटक कळतं. लिहिणाऱ्याला ठाऊक असायचं की ऐकणारीच्या हातात भांडी आहेत, नळ चालू आहे आणि तिला काहीही दिसत नाहीये. म्हणून पात्रं एकमेकांना सारखी नावाने हाक मारतात, यानाचं दार उघडलं की कोणीतरी तसं बोलून दाखवतं, आणि गोष्ट बहुतेक वेळा अर्ध्या तासात संपते. आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल.

आता स्टेशन शोधायचं. फोनवर ट्यूनइन किंवा रेडिओड्रॉइड यांपैकी एखादं अ‍ॅप पुरे. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘ओल्ड टाइम रेडिओ’ टाका, नाहीतर नुसती त्याची आद्याक्षरं, ‘ओटीआर’. नुसतं ‘साय-फाय’ टाकलंत तर चोवीस तास गूढ संगीत लावून बसलेली स्टेशनंही भरपूर निघतात. झोपेला चांगली, नाटकाला निरुपयोगी. ओटीआरच्या स्टेशनांवर गुप्तहेर येतात, काउबॉय येतात, भांडकुदळ नवराबायको येतात आणि मध्येच एखादं रॉकेट सुटतं. मला हेच आवडतं. काय ऐकू, काय ऐकू करत यादी चाळण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा समोर येईल ते ऐकावं. इतका धीर नसेल तर ‘रेलिक रेडिओ’ शोधा. त्यांची फक्त विज्ञाननाट्यांची वेगळी मालिका पॉडकास्ट म्हणून मिळते.

अ‍ॅपमध्ये जाहिरातींचा त्रास होत असेल तर स्टेशनच्या संकेतस्थळावरून प्रवाहाचा, म्हणजे स्ट्रीमचा, पत्ता घ्या. त्याच्या शेवटी बऱ्याचदा ‘पीएलएस’ किंवा ‘एमथ्रीयू’ ही अक्षरं असतात. संगणकावर व्हीएलसी हा फुकट मिळणारा प्लेअर उघडा, कंट्रोल आणि एन दाबा, पत्ता चिकटवा, सुरू करा. आवाज तुटत असेल तर त्याच खिडकीत ‘शो मोअर ऑप्शन्स’वर टिचकी मारा. तिथे कॅशिंगसमोर १००० मिलिसेकंद दिसेल, ते ५००० करा. सुरू व्हायला जरा वेळ लागतो, पण मग नेट मध्येच दम खात असलं तरी वाक्य तुटत नाही. डेटाची काळजी करू नका. ६४ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटच्या, प्रवाहाला तासाला २९ एमबीच्या आसपास लागतात, १२८ ला दुप्पट. माणसांच्या बोलण्याला ६४ भरपूर झाले. सत्तर वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणात मुळातच खरखर आहे.

वेळापत्रक असलेल्या स्टेशनांचं गणित मात्र कागदावर मांडून ठेवा. न्यूयॉर्कची रात्रीची दहाची वेळ म्हणजे त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. म्हणजे त्यांची भुताखेतांची वेळ आणि आपली डब्याची. लंडनचे संध्याकाळचे सहा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेदहाला वाजतात, हिवाळ्यात साडेअकराला. इंग्लंडची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात. अमेरिकेतली मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. बीबीसीचं सांगायचं तर २०२५ च्या जुलैपासून त्यांचं ‘साउंड्स’ हे अ‍ॅप परदेशी श्रोत्यांसाठी बंद झालं. ज्या देशात १९५३ साली ‘जर्नी इनटू स्पेस’ लागलं आणि १९७८ च्या मार्चमध्ये ‘हिचहायकर्स गाइड’ हे विनोदी विज्ञाननाट्य आधी रेडिओवर आलं, पुस्तक नंतर झालं, त्या देशाने हे करावं याची मला अजून चुटपुट आहे.

सुरुवात कशाने करावी? सगळे १९३८ चं ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ सुचवतात. ३० ऑक्टोबरला सीबीएस या अमेरिकी रेडिओ कंपनीवर झालेलं, ऑर्सन वेल्स या नट-दिग्दर्शकाचं, मंगळावरचा हल्ला बातमीपत्रासारखा सांगणारं. ऐकाच, पण पहिलं म्हणून नको. ते तासाभराचं आहे, आणि बातम्यांचा भाग संपल्यावर उरतात ती लांबलचक स्वगतं. नवख्याचा धीर तिथे सुटतो. आणि एक धोक्याची सूचना: न्यू जर्सीतल्या शेतावरून बोलणाऱ्या बातमीदाराचा आवाज वाक्याच्या मध्येच तुटतो आणि काही सेकंद पूर्ण शांतता पसरते. नेट गेलं असं समजून बटणं दाबू नका. ती शांतता मुद्दाम ठेवलेली आहे, आणि अख्ख्या नाटकातली सगळ्यात भेदक जागा तीच.

माझ्या मते एनबीसी या दुसऱ्या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या दोन मालिकांपासून सुरू करावं. ‘डायमेन्शन एक्स’ १९५० ते ५१ मधली, ‘एक्स मायनस वन’ १९५५ ते ५८ मधली. दुसरीचं नाव कानावर पडायच्या आधीच ती ओळखू येते, कारण ती रॉकेट सुटण्याच्या उलट्या मोजणीने सुरू होते. नवख्यांसाठी यात एक सोय दडलेली आहे. पहिलीतल्या बऱ्याच संहिता दुसरीने पुन्हा सादर केल्या. तेव्हा गोष्ट एकदा १९५० च्या नटांकडून ऐका, अर्धी कळेल. मग १९५५ च्या नटांकडून ऐका, उरलेली कळेल. शब्दकोश उघडावा लागत नाही. ‘अ लॉजिक नेम्ड जो’ अशीच दोनदा झाली. घराघरात एकमेकांना जोडलेली, विचाराल ते सांगणारी यंत्रं आहेत. त्यातलं एक कारखान्यातल्या चुकीमुळे जरा जास्तच हुशार निघतं आणि कोणीही काहीही विचारलं तरी बिनदिक्कत उत्तर देऊ लागतं, बायकोचा काटा कसा काढावा हेसुद्धा. मूळ कथा १९४६ ची आहे. फोन हातात धरून ऐकताना हसू आवरत नाही, आणि मग आवरतं.

ऐकताना इयरफोन लावा, पण दोन्ही कानांना एकच आवाज येतो, तेव्हा एका कानात घातला तरी बिघडत नाही. दुसरा कान कुकरच्या शिट्टीसाठी मोकळा राहतो. पहिली तीन मिनिटं काहीच कळणार नाही. कळू नये असंच असतं ते, संगीत, घोषणा आणि यंत्रांची घरघर. त्यात फक्त दोन नावं पकडा: गोष्ट कोणाची आणि यान कुठे निघालंय. बाकीचं आपसूक लागतं. विनोद निसटले तर निसटू द्या.

झोपेत शेवट हुकला तर निवेदकाने सांगितलेलं शीर्षक तेवढं लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेट आर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहात शोधा. दोन्ही मालिकांचे भाग तिथे आहेत, नावापुढे मूळ प्रसारणाची तारीख लावलेले, आणि उतरवूनही घेता येतात. एसटीच्या प्रवासाला निघण्याआधी चार-पाच उतरवून ठेवावेत, वाटेत घाटात रेंज नसते. रात्रीसाठी फोनवरच्या व्हीएलसीत झोपेचा टायमर आहे. तो तीस मिनिटांचा लावू नका. तुम्ही लावता तेव्हा स्टेशनवर आधीचं नाटक संपत आलेलं असतं, आणि टायमर नेमका दाराबाहेर कोण आहे हे कळायच्या आधी बंद होतो. मी पन्नासचा लावते.