कातळावर पाय लटपटायला लागले तर काय करायचं

नाशिकजवळच्या हरिहर किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या उतरताना मध्येच थिजलेली माणसं मी बऱ्याचदा बघितलीत. चढताना नजर वर असते म्हणून काही वाटत नाही, उतरताना पायांच्या मधून थेट दरी दिसते आणि मग पाऊलच उचलत नाही. वरून लोक ओरडत असतात, "अरे घाबरू नको, चल पटकन". प्लीज असं ओरडू नका, त्याला ते धड ऐकूही येत नसतं.

तो भित्रा नाहीये. मेंदूला धोका जाणवला की किडनीवरच्या ग्रंथींमधून ॲड्रेनालिन सुटतं, छाती धडधडते, रक्त पोटाकडून आणि कातडीकडून मांड्यांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो. पळायला ताकद मिळते पण बोटांचं बारीक काम बिघडतं, रोज सहज मारता येणारी गाठसुद्धा सुटत नाही की बसत नाही. नजर बोगद्यातून बघितल्यासारखी अरुंद होते, हाताशेजारची खोबण दिसतच नाही.

त्यात श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, मग वाटतं आता आपण पडणार आणि भीती अजून वाढते. हे चक्र तोडायला श्वास हाच एक भाग आपल्या हातात असतो.

तुमच्यावर वेळ आली तर तोंड कातळाकडे, दोन हात आणि दोन पाय यातले तीन कायम पक्के. ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, असं पाच-सहा वेळा, घाई नको. पाय शिलाई मशीनसारखा थडथडत असेल तर टाच खाली दाबा, बहुतेक वेळा थांबतो. कातळाला मिठी मारायचा मोह होतो, पण तसं केलं की स्वतःचे पायच दिसत नाहीत, अंग थोडं सुटं ठेवा.

दुसऱ्याला मदत करताना आधी वरची लाईन थांबवा. मग नावाने हाक, आवाज हळू, आणि एका वेळी एकच सूचना, "उजवा पाय खाली, एवढंच". तुम्ही स्वतः पक्के उभे असाल तरच त्याचा पाय धरून खोबणीत ठेवा. व्हिडिओ वगैरे काढू नका हो.

खाली आल्यावर खरी थरथर सुटते, कोणी रडतं, कोणाला मळमळतं, काय कधी झालं त्याचा क्रमही आठवत नाही. बसवा, पाणी द्या, चेष्टा अजिबात नको, लगेच पुढच्या अवघड कातळटप्प्यावर नेणं तर नाहीच. काही दिवस दचकून जाग येऊ शकते, पण महिन्यानंतरही झोप आणि काम बिघडलेलंच असेल तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

आणि पुढच्या ट्रेकआधी घराजवळच्या कमरेएवढ्या कातळावर वर-खाली करत राहा, खोबण न बघता पायाला सापडेपर्यंत.