बोनेअरच्या किनाऱ्यावरून स्कूबा: खडपावरून पाण्यात उतरावं कसं

कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाबद्दल सगळीकडे एकच वाक्य वाचायला मिळतं: गाडी लावा, टाकी पाठीवर घ्या, पाण्यात शिरा. यातलं पहिलं आणि दुसरं खरं आहे. तिसऱ्याबद्दल कोणी धड काही सांगत नाही, आणि लोकांचे घोटे मुरगळतात, नडगी सोलते, मास्क वाहून जातो ते तिथेच. म्हणून बाकीचं भराभर उरकतो.

निघण्याआधी

तारकर्लीला प्रशिक्षकाने पकडून खाली नेलं, फोटो काढला, म्हणजे प्रमाणपत्र मिळालं असं नाही. इथे दोघा जोडीदारांनी स्वतःच्या जबाबदारीवर डुबकी मारायची असते, त्यामुळे ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स आधी पुरा करा. नायट्रॉक्सचा, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेल्या हवेचाही करून घ्या, इथे त्याचा पुरेपूर उपयोग होतो.

बोनेअर 2010 पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका असली तरी बेट शेंगेन क्षेत्रात येत नाही. शेंगेन व्हिसा आहे म्हणून प्रवेश गृहीत धरू नका, डच वकिलातीकडून खात्री करून घ्या. चलन अमेरिकन डॉलर. साध्या प्रवासविम्यात स्कूबा बहुधा नसतं, त्यामुळे डायव्हिंगचा विमा वेगळा घ्या. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन बेटावर चालत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर बुटांवर करा. जाड, कडक रबरी तळव्याचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे निओप्रीन बूट आणि त्यांवर चढणारे, मागे पट्टा असलेले फिन्स, म्हणजे पोहायचे पंखे. मोज्यासारखे मऊ बूट किंवा अनवाणी पायात घालायचे फिन्स बोटीवर ठीक, इथे निरुपयोगी. सूट तीन मिलिमीटरचा पुरतो, पाणी वर्षभर साधारण 26 ते 29 अंश असतं. हातमोजे घरी ठेवा, मरीन पार्कात, म्हणजे इथल्या संरक्षित समुद्रात, त्यांना मनाई आहे.

पोहोचल्यावर

किनाऱ्यालगतचा सगळा समुद्र, भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंत, 1979 पासून मरीन पार्कात आहे. त्याचं शुल्क भरा, डाइव्ह सेंटरवर नियम समजून घ्या आणि पहिली डुबकी शांत पाण्यात मारा. ती सक्तीची आहे. ‘आम्ही जुने डायव्हर आहोत’ हे सांगून ती टाळायचा प्रयत्न करू नका, पाण्याखाली जायला कमरेला किती वजन बांधावं लागतं ते तिथेच नीट कळतं.

पिकअप भाड्याने घ्या. गाडीत काहीही ठेवू नका, दारं उघडी आणि काचा खाली ठेवा, म्हणजे कोणी काच फोडणार नाही. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर डाइव्हच्या जागांची नावं रंगवलेली असतात. उत्तरेचा किनारी रस्ता पुढे कार्पाटाकडे एकेरी होतो, दगड हुकला तर रिंकॉन गावावरून अख्खा वळसा.

समुद्र वाचणं

कोकणातला माणूस आधी भरती-ओहोटी बघतो. मुंबईला पाणी चार मीटरपर्यंत चढतं-उतरतं, तेव्हा ते बरोबरच आहे. बोनेअरला हा फरक जेमतेम फूटभर. इथे बघायचा तो वारा. तो जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून येतो, म्हणून पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला शांत. डाइव्हच्या बहुतेक जागा पश्चिमेलाच आहेत. पण उत्तरेकडून दूरवर एखादं वादळ सरकत असलं की वारा उलटतो आणि याच शांत किनाऱ्यावर लाटा आपटू लागतात. 1999 मध्ये लेनी हे चक्रीवादळ पश्चिमेकडून आलं, तेव्हा उथळ भागातल्या प्रवाळाची मोठी हानी झाली. वारा उलटलेल्या दिवशी टाकी घेऊन किनाऱ्यावर जाऊच नका.

पाण्यात उतरणं

हा किनारा म्हणजे वाळूची पुळण नव्हे. जुन्या प्रवाळाचं खडप आहे, खवणीसारखं धारदार, मध्ये मध्ये गुडघाभर खड्डे, त्यावर शेवाळ, आणि पुढे तुटलेल्या प्रवाळाचे सुटे तुकडे पायाखाली सरकतात. काही कपारींत लांब काट्यांचे समुद्री साळू बसलेले असतात. पाठीवर आणि कमरेला मिळून वीसेक किलो. मलाही सगळ्यात जास्त त्रास याच वीस पावलांनी दिला, डुबकीने नव्हे.

आधी टाकी आणि बाकी सामान न चढवता, बूट घालून जा आणि पाच मिनिटं उभे राहा. मोठ्या लाटा एकट्या येत नाहीत, तीन-चार एकामागून एक येतात आणि मग पाणी थोडा वेळ निवांत होतं. ती उसंत किती सेकंदांची आहे ते मोजा. मग गुडघाभर पाण्यात चालून वाट शोधा. बऱ्याच ठिकाणी आधीच्या डायव्हरांच्या पायांनी फिकट, मोकळा पट्टा तयार झालेला असतो. खड्डे कुठे आहेत ते आत्ताच बघून ठेवा, टाकी चढवल्यावर मान खाली वळत नाही.

सामान गाडीच्या फळीवर चढवा, पाण्याच्या कडेला बसून नव्हे. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे ना हे दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघत दोन-तीन श्वास घेऊन तपासा. काटा हलला तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय. बीसीडीत, म्हणजे टाकी बांधलेल्या फुगणाऱ्या जॅकेटात, भरपूर हवा भरा. मास्क डोळ्यांवर किंवा गळ्यात. कपाळावर ठेवलेला मास्क पहिलीच लाट घेऊन जाते. टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर तोंडात, आणि तोही पाय ओले व्हायच्या आधी. फिन्स एका मनगटात अडकवा.

आता आडवे चाला. खांदा लाटेकडे, गुडघे किंचित वाकलेले, पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. पुढचा पाय पक्का टेकल्याशिवाय मागच्यावरचं वजन सोडू नका. जोडीदारांनी एकमेकांच्या बीसीडीचा पट्टा धरायचा, एक चालेल तेव्हा दुसरा उभा. लाट आली की दोघं जागच्या जागी थांबा. निवांत वेळ सुरू झाली की पुन्हा चाला. घाई करणारा जोडीदार असेल तर त्याला आधीच दम द्या.

‘काठावरच फिन्स घालून उलटं चालत जा’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. वाळूच्या किनाऱ्यावर तो चालतो. इथे फिन्सचं टोक खड्ड्यात अडकतं आणि माणूस टाकीसकट पाठीवर आदळतो. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एका पायावर फिन घालणंही तसलंच. कमरेइतकं पाणी आलं की चालणं संपलं, सरळ पाठीवर झोपा. फुगलेली बीसीडी तुम्हाला तरंगवते. पाय मारत लाटांच्या पट्ट्याबाहेर या आणि तिथे तरंगत, एक पाय दुसऱ्यावर ठेवून, सावकाश फिन्स घाला.

तोल गेलाच तर हात टेकू नका. तळव्यात साळूचे काटे किंवा अग्निप्रवाळाची आग घेऊन सुट्टी संपवायची नसेल तर पडू द्या स्वतःला पाण्यावर. रेग्युलेटर तोंडात आहे, बीसीडी भरलेली आहे, काही होत नाही.

बाहेर पडणं याहून अवघड, कारण तेव्हा पाय थकलेले असतात. वर येताना टाकीत 50 बार दाबाची हवा शिल्लक असायलाच हवी, रेग्युलेटरने श्वास घेत थांबायला तीच लागते. लाटांच्या पट्ट्याबाहेर तरंगत पुन्हा मोजणी करा. मोठ्या लाटांची शेवटची पुढे गेली की तिच्या मागोमाग पोहा, पाण्याने कंबर गाठली की फिन्स काढा, मनगटात अडकवा आणि उभे राहा. मास्क आणि रेग्युलेटर कोरड्या खडकावर पोहोचेपर्यंत जागेवरच. समुद्राकडे पाठ करू नका, आडवेच चाला. सगळ्यात जास्त लोक शेवटच्या चार पावलांत पडतात, कारण तोवर जेवायला कुठे जायचं याची चर्चा सुरू झालेली असते.

पाच मिनिटं उभं राहूनही उसंत सापडली नाही, तर दुसरी जागा. क्रालेंडाइक गावातल्या धक्क्यांवरून शिडीने उतरता येतं, आणि तिथला प्रवाळही कमी नाही.

पाण्याखाली

इथे सोपं आहे. प्रवाहाविरुद्ध निघा, निम्मी हवा संपायच्या आधी वळा. बहुतेक जागी बोटी बांधायचा बोया असतो. त्याच्यापाशी बुडी घ्या आणि त्याच्याच तळाशी परत या, वाट चुकत नाही. उथळ भागात रमतगमत परतताना वर येण्याआधी शरीरातला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून घ्यायचा पाच मीटरवरचा थांबा आपोआप होतो.

हिल्मा हूकर हे 1984 मध्ये बुडालेलं, 72 मीटर लांबीचं मालवाहू जहाज सुमारे 30 मीटरवर वाळूत आडवं पडलंय. 32 टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सला तेवढी खोली चालते, पण टाकीतलं ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजून मगच घ्या. सॉल्ट पिअर या मिठाच्या धक्क्याला मिठाचं जहाज लागलेलं असेल तर तिथे उतरायला परवानगी नाही. थाउजंड स्टेप्स, म्हणजे ‘हजार पायऱ्या’, या डाइव्हच्या जागेला प्रत्यक्षात साठ-सत्तरच पायऱ्या आहेत. टाकी घेऊन चढताना नावाचा अर्थ कळतो.

शेवटचा दिवस

शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला किमान 18 तास जाऊ द्या. तो दिवस दक्षिणेच्या मिठागरांवरच्या फ्लेमिंगोंना द्या. सामान आदल्या दुपारीच गोड्या पाण्यात धुऊन वाळत घाला, बूट उलटे करून. ओल्या बीसीडीचं वजन विमानतळावरच्या काट्यावर चांगलंच जाणवतं आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये द्यावे लागतात.