कुलकर्णी: हुद्दा की आडनाव? घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी

आमच्या घराण्याच्या वृत्तांताची इंग्रजी प्रत माझी भाची न्यू जर्सीत बसून तयार करते आहे. गेल्या महिन्यात तिने फोनवर विचारलं, "आत्या, खापरपणजोबांच्या नावापुढचा 'कुलकर्णी' मोठ्या अक्षराने सुरू करू की लहान?" मला उत्तर देता येईना. मराठी मसुद्यात मीच ते नीट लिहिलं नव्हतं. देवनागरीला मोठी-लहान अक्षरं नाहीत आणि मोडीत तर शब्दसुद्धा एकमेकांना चिकटलेले असतात. 'रामजी कुलकर्णी' असं वाचल्यावर रामजीचं आडनाव कुलकर्णी, की तो गावचं दप्तर सांभाळायचा, हे नुसत्या अक्षरांवरून कळत नाही.

म्हणून मी कागद पुन्हा काढले. खापरपणजोबा जोशी होते, गावचं कुलकर्ण त्यांच्याकडे होतं. त्यांच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र आडनाव कुलकर्णी. एका पिढीत हुद्द्याचं आडनाव झालं होतं आणि मी ती पायरीच पुसून टाकली होती.

तेव्हा पहिलं काम हे करा: प्रत्येक माणसासाठी वहीत तीन रकाने आखा. आडनाव, हुद्दा, किताब. नाना फडणवीसांचं घ्या. नाव बाळाजी जनार्दन, आडनाव भानू, फडणवीस हा हुद्दा. पेशव्यांचं आडनाव भट. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं ते 1713 मध्ये. रावसाहेब, रावबहादूर हे इंग्रज सरकारने दिलेले किताब, त्यांना हुद्द्याच्या रकान्यात घालू नका. घरातली माणसं आदराने 'रावसाहेब' म्हणत असतील तर तेही वेगळं नोंदवा. कोणत्या रकान्यात जायचं ते कळत नसेल तर कागदावर जसं आहे तसंच, अवतरणचिन्हांत उतरवा.

मराठीत लिहिताना मोठ्या अक्षराची उणीव भरून काढणारे शब्द आपल्याकडे आहेतच: पाटीलकी, देशमुखी, फडणिशी, कुलकर्ण. 'ते पाटील होते' या वाक्याचे दोन अर्थ निघतात, 'त्यांच्याकडे गावची पाटीलकी होती' याचा एकच. मी आता सगळीकडे असंच लिहिते. वतन भाऊबंदांत वाटलेलं असेल तर प्रत्यक्ष काम कोण करायचं तेही शोधा. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत 'कामगार पाटील' किंवा 'कामगार कुलकर्णी' असा शब्द दिसला तर तो माणूस कामावर होता, बाकीचे नुसते वतनदार. पाटीलकीची घराणी असंख्य, पण प्रत्यक्ष काम करणारे मोजकेच. नातवंडांना हा फरक कळायलाच हवा.

इंग्रजी प्रतीत नियम सोपा आहे. आडनाव नेहमी मोठ्या अक्षराने. हुद्दा नावाच्या लगेच आधी, नावाचाच भाग म्हणून आला तर मोठं अक्षर: 'सुभेदार अमुक'. 'ते सुभेदार होते' असं वर्णन असेल तर लहान. मग भाचीच्या प्रतीत मोठ्या अक्षराचा कुलकर्णी म्हणजे आडनाव आणि लहान अक्षराचा म्हणजे दप्तर लिहिणारा, हे आपोआप दिसतं. जुन्या इंग्रजी कागदांतली मोठी अक्षरं पाहून मात्र फसू नका. त्या काळचे कारकून जवळजवळ प्रत्येक पदाला मोठं अक्षर देत.

हुद्द्याचं इंग्रजी भाषांतर करू नका. मामलेदाराला 'कलेक्टर' केलं की तालुक्याचा माणूस जिल्ह्याचा होतो. मूळ शब्द ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत अर्थ द्या, त्या काळातला. आमच्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात जमादार होते. आज जमादार म्हटलं की लोकांना झाडू दिसतो. पण पलटणीत तो अधिकाऱ्याचा दर्जा होता, सुभेदाराच्या खालचा, आणि 1965 मध्ये त्याचं नाव नायब सुभेदार झालं. ही ओळ मी दोन्ही प्रतींत घातली आहे, त्यांच्या नावाच्या लगेच खाली.

खापरपणजोबांची नोंद आता अशी आहे: 'रामजी, आडनाव जोशी, गावचं कुलकर्ण यांच्याकडे. पुढच्या पिढीपासून आडनाव कुलकर्णी.' भाचीने ती कालच इंग्रजीत उतरवली, पहिला कुलकर्णी लहान अक्षराने, दुसरा मोठ्या.