पियानोला बसायचं कसं? आधी स्टूलची उंची जमवा

पियानो वाजवून मान, खांदे नाहीतर मनगट दुखत असेल तर बोटांचे व्यायाम वाढवू नका, आधी बसायचं बघा. आणि "ताठ बस" हा सल्ला तर सोडूनच द्या, कारण ताठ बसायला सांगितलं की माणूस पाठ आवळून धरतो आणि तो ताण खांद्यांतून थेट बोटांपर्यंत उतरतो.

स्टूल मध्यावर ठेवा. पियानोच्या ८८ पट्ट्यांचा मध्य मिडल सी वर (मधल्या सी स्वराच्या पट्टीवर) नसतो, जरा उजवीकडे, ई आणि एफ या स्वरांच्या पट्ट्यांमधे असतो. स्टूलच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसा.

आता उंची. सगळं बिघडतं ते इथेच आणि मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७३ सेंमीवर असतात, घरातली प्लास्टिकची खुर्ची ४५ च्या आसपास, त्यामुळे खुर्चीवर बसलं की कोपर पट्ट्यांच्या खाली जातं, मग हात वर न्यायला खांदे उचलले जातात आणि आपल्याला ते कळतही नाही. ते दुसऱ्या दिवशी मान दुखली की कळतं. उलट खूप उंच बसलात तर मनगट मोडून हात वरून खाली लोंबतात आणि पाठीला पोक येतो.

"तुमची उंची एवढी तर स्टूल एवढं" असे तक्ते मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. सारख्या उंचीच्या दोन माणसांचं धड आणि दंड सारखे नसतात. असं करा: बसा, हात दोन्ही बाजूंना सैल सोडा, खांदे पडू द्या, आता खांदा अजिबात न हलवता फक्त कोपरातून हात वर आणा. बोटं पांढऱ्या पट्टीवर अलगद टेकली आणि कोपर पट्टीच्या पातळीत किंवा किंचित वर राहिलं तर उंची बरोबर. बाजूने कुणालातरी मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, पण पहिल्या मिनिटाचा नको, पंधरा मिनिटं वाजवून झाल्यावरचा, कारण सुरुवातीला सगळेच नीट बसतात. फरक एकेक सेंमीचाच करा आणि काही दिवस राहू द्या.

कुणीतरी ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या प्रसिद्ध पियानोवादकाचं नाव काढतोच. हो, वडिलांनी बनवून दिलेल्या खुर्चीवर तो जमिनीपासून जेमतेम १४ इंचांवर बसायचा, पण त्याच्यासाठी पियानोसुद्धा ठोकळ्यांवर चढवायचे हे कुणी सांगत नाही. त्याची नक्कल करू नका.

उंची वाढवायला उशी किंवा मऊ फोम नको, तो दबतो आणि दहा मिनिटांत तुम्ही परत खाली. घट्ट घडी घातलेली सतरंजी किंवा प्लायचा तुकडा चालेल, ॲडजस्टेबल बेंच घेतलं तर उत्तमच. आणि कीबोर्ड डायनिंग टेबलवर ठेवून शिकू नका प्लीज, टेबलच ७५ सेंमीचं, त्यावर कीबोर्डची जाडी, म्हणजे पट्ट्या पार वर जातात. स्टँड घ्या.

पेटी वाजवून आलेल्यांना एक वेगळं सांगतो. पेटीच्या पट्ट्या हलक्या असतात, पियानोची पट्टी साधारण १० मिमी खाली जाते आणि तिला जास्त वजन लागतं, ते बोटाने रेटून नाही, सैल हाताच्या भाराने द्यायचं. मनगट पुढच्या लाकडावर टेकवलं की तो भार तिथेच अडकतो.

पियानोपासून किती लांब बसायचं ते सोपं आहे: दोन्ही हात पोटासमोर एकमेकांवरून नेताना कोपरं अंगाला अडली की मागे सरका.

पाय पूर्ण टेकलेले हवेत, पेडलवरच्या पायाची टाच जमिनीवर. डिजिटल पियानोचं पेडल गुळगुळीत लादीवर सरकतं आणि त्याच्यामागे पाय लांबवत माणूस अख्खा वाकडा होतो, खाली रबरी मॅट टाका. लहान मुलांचं स्टूल उंच केलं की पाय लोंबकळतात, तेव्हा खाली पाट किंवा चौरंग द्या, आणि मूल वाढतंय तसं दर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही उंची परत बघा.