उसातल्या बिबट्यावर काम सुरू करताना

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात आलेला नवखा माणूस आधी जंगल शोधतो. इथलं जंगल म्हणजे ऊस. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबट्याला दडायला, पिल्लं घालायला जागा झाली. गावात ‘वाघ आलाय’ म्हणतात तो हाच.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया यांच्या गटाने बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासले, तेव्हा भक्ष्याच्या वजनात पाळीव प्राणी ८७ टक्के निघाले; एकटी कुत्रीच ३९ टक्के, शेळ्या ११. म्हणजे गावकुसावरच्या उकिरड्यावर पोसलेली कुत्री हाच त्याचा मुख्य शिधा. तेव्हा उकिरडाही नकाशावर टिपा.

ठशात चार बोटं, गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे आणि नख्या नाहीत, तर बिबट्या. नख्या उमटल्या तर बहुधा कुत्रा किंवा तरस. तरसाचा पुढचा पंजा मागच्याहून चांगलाच मोठा असतो. चिखलात ठसा पसरतो आणि घसरताना बिबट्याच्याही नख्या उमटतात, म्हणून एकावर निकाल देऊ नका. पाटाच्या कडेच्या घट्ट ओलसर मातीत सलग चार-पाच पाहा.

मेलेल्या शेळीचा गळा आधी बघा. सुळ्यांची भोकं असतील तर तिथली कातडी सोलायला लावा. खाली रक्त साकळलेलं असेल तर चावा जिवंतपणी बसला. कुत्र्यांचे चावे मांड्यांवर, फाटके आणि विखुरलेले असतात. पंचनाम्याआधी जनावर हलवलं की भरपाई अडते. शेतकऱ्याला ४८ तासांत कळवायला सांगा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

आपोआप फोटो काढणारे कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने लावा, कारण बिबट्या ठिपक्यांवरून ओळखतात आणि दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगळे असतात. उंची ४० ते ४५ सेंटिमीटर. अगदी समोरासमोर नकोत, एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडतो. समोरचं पाचट काढायचं राहिलं तर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांच्या फोटोंनीच कार्ड भरतं. दोन्हींची घड्याळं जुळवा.

पिंजऱ्याची मागणी रोज होईल. २००१ नंतर इथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा येतोच. हे चिडलेल्या गर्दीपुढे मांडू नका, दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बसून सांगा.

ऊसतोडीत बछडे सापडले की तोड थांबवा आणि मोबाइलवाल्यांना आधी मागे सारा. आई जवळच असते. पशुवैद्यकाने तपासल्यावर संध्याकाळी बछडे क्रेटमध्ये घालून सापडले त्याच जागी ठेवायचे. दुसऱ्या बांधावरही नको, कारण आई तिथेच शोधायला येते. कॅमेरा लावून सगळ्यांनी निघून जायचं. सकाळी क्रेट कलंडलेलं आणि रिकामं दिसलं, तरी कार्ड पाहिल्याशिवाय ‘आईने नेले’ असं लिहू नका.