ओट्यावरची तक्रार पालिकेच्या टेबलापर्यंत कशी न्यायची

"पानी उनं का वो जिजी?"
"उनं, पन वास मारस."
"आमनाकडे ते साफ शे."

(अहिराणीत "उनं" म्हणजे आलं, "शे" म्हणजे आहे.)

उन्हाळ्यात रात्री जेवणं आटोपली की आमच्या गल्लीत ओट्यावर हेच सुरू होतं, पाण्यावरून गाडी लाइटवर जाते, लाइटवरून कुत्र्यांवर, मग यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कोणाची पोरगी माहेरी येतेय, खापरावरचे मांडे कोणाकडे होणार, आणि अकराच्या आसपास सगळे उठून घरात जातात. मला हे बसणं मनापासून आवडतं, दिवसभर उन्हात भाजून निघाल्यावर माणसाला तेवढाच गारवा असतो. पण मागच्या उन्हाळ्यात असं लक्षात आलं की वर लिहिलेल्या तीन वाक्यांतच आमच्या गढूळ पाण्याचं निम्मं उत्तर होतं. एका घरी वास येतो आणि चार घरं सोडून साफ पाणी येतं, म्हणजे बिघाड वरच्या टाकीत नाहीच, आमच्याच गल्लीतल्या पाइपात कुठेतरी आहे. आणि हे आम्ही तीन उन्हाळे नुसतं बोलत होतो. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय, तुमच्या गल्लीतही असंच काही चालू असेल तर कामात येईल.

सगळ्यात आधी एक वही घ्या. शाळेची जुनी दोनशे पानी चालेल. ओट्यावर जे बोललं जातं ते त्यात तारीख, वेळ आणि घर टाकून लिहायचं, बाकी काही नाही. "नेहमी घाण पाणी येतं" हे वाक्य कुठल्याच ऑफिसात चालत नाही कारण त्यावर कोणी काहीच करू शकत नाही, पण "सकाळी सव्वासहाला पाणी आलं, पहिल्या दोन बादल्या पिवळट, गटारीचा वास, तिसऱ्या बादलीपासून साफ" हे लिहिलं की ऐकणाऱ्याला काम दिसतं. ही माहिती बायकांकडेच असते कारण पाणी त्या भरतात, तेव्हा वही त्यांच्या हातात द्या आणि पुरुषांनी मधे बोलू नये. आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं, तर तीन पाळ्या म्हणजे बारा दिवस लिहिलं. मग एका कागदावर गल्लीची रेघ मारून प्रत्येक घरापुढे साफ की वास असं टाकलं आणि चित्रच समोर आलं, रस्त्याखालून गटार जाते त्या मोरीच्या अलीकडची नऊ घरं साफ, मोरीच्या पलीकडची सहा घरं वास. आता ओळखणारा लगेच ओळखतो की मोरीखालून पाइप जातो तिथेच काहीतरी आहे.

असं का होतं तेही समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी टोलवू शकत नाही. आपल्याकडे पाणी चोवीस तास येत नाही, पाळीने येतं. पाइप भरलेला असला आणि आत प्रेशर असलं की गळती असली तरी पाणी आतून बाहेर जातं, वाया जातं पण घाण आत येत नाही. पाणी सोडणाऱ्या वॉलमनने वॉल (व्हॉल्व्ह) बंद केला की पाइप हळूहळू रिकामा होतो, आतलं प्रेशर जातं, आणि तो पाइप गटारीच्या पाण्यात बुडालेला असेल तर त्याच भोकातून गटारीचं पाणी आत शिरतं. चार दिवसांनी पाणी सुटलं की ती साचलेली घाण आधी पुढे ढकलली जाते, म्हणून पहिल्या दोन बादल्या घाण आणि नंतर साफ. आपले जुने घरगुती कनेक्शनचे लोखंडी पाइप बऱ्याच ठिकाणी गटारीतूनच आडवे घातलेले आहेत, वीस-पंचवीस वर्षांत ते गंजून त्यांना छिद्रं पडतात.

आणि यात मोटरीचाही हात असतो. पाणी सुटल्या सुटल्या नळाला डायरेक्ट मोटर लावली की ती ओढ लावते आणि जिथे भोक असेल तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं, शिवाय शेवटच्या घरापर्यंत धार पोचत नाही. आता हा विषय ओट्यावर काढला की भांडण ठरलेलं. मी सांगतो ते करून बघा. चारचौघात नाव घेऊन बोलू नका, ज्यांच्याकडे मोटर आहे त्यांच्या घरी जाऊन बसा, चहा घ्या आणि वही दाखवा. आमच्या गल्लीत एका आबांकडे मोटर होती, त्यांना मी म्हटलं आबा, तुमच्या पलीकडच्या घरात बाळंतीण आलीय, पहिली वीस मिनिटं मोटर नका लावू, बाकी मग लावा. आबा म्हणाले, "आधी सांगायचं ना भाऊ." एवढंच. अर्जात शेजाऱ्याचं नाव कधीच टाकायचं नाही, हे माझं पक्कं मत आहे, कारण पाइप बदलून जाईल पण शेजारी जन्मभर तिथेच राहायचाय.

अर्ज, दुरुस्ती हे होईल तेव्हा होईल, तोवर पोटाला सांभाळा. पहिल्या दोन बादल्या पिण्यात घेऊच नका, आणि नंतरचं साफ दिसलं तरी रटरट उकळी आणून, गार करून, झाकून मगच प्या. गल्लीत एकापेक्षा जास्त घरात जुलाब सुरू झाले तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा सरकारी दवाखान्यात कळवा, याची वाट बघायची नसते. पाणीपुरवठावाल्यांना नळाच्या शेवटच्या घरी ओटी टेस्ट करायला सांगा, ते छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात आणि पिवळा रंग आला म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. नळाला पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असायला पाहिजे. मोरीच्या अलीकडे रंग येतो आणि पलीकडे येत नाही असं निघालं तर त्याच्यापेक्षा मोठा पुरावा नाही. जिल्ह्याच्या आरोग्य प्रयोगशाळेत नमुना द्यायचा असेल तर घरची बाटली चालत नाही, तिथूनच निर्जंतुक बाटली आणायची आणि भरलेली बाटली बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायची.

आता अर्ज. अर्धी कामं चुकीच्या ऑफिसात गेल्यामुळे अडकतात. नळ, गटार, कचरा, डेंग्यूची फवारणी हे नगरपरिषदेचं, जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी महानगरपालिकेचं. रस्त्यावरचा दिवा पालिकेचा पण तार तुटली, डीपी उडाली तर महावितरण, त्यांचा नंबर १९१२, आणि खांबावर रंगवलेला नंबर आधी बघून ठेवायचा. सुरत-नागपूर हायवे गावाजवळून जातो तिथल्या खड्ड्यासाठी पालिकेत जाऊन उपयोग नाही, तो रस्ता त्यांचा नाहीच. रेशनचं असेल तर तहसीलची पुरवठा शाखा.

एका अर्जात एकच विषय टाका. आम्ही पहिल्यांदा पाणी, लाइट, कुत्रे आणि बंद पडलेली घंटागाडी सगळं एकाच पानावर लिहून दिलं होतं, तो कागद कुठल्या विभागाकडे पाठवायचा हेच ठरेना आणि तो तिथेच पडला. दुसऱ्या वेळी असा लिहिला:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद. विषय: अमुक गल्लीत मोरीच्या पुढील सहा घरांना गटारमिश्रित पाणी येत असल्याबाबत. महोदय, वरील गल्लीत गेल्या तीन पाळ्यांपासून पाणी सुटल्यावर पहिली दहा मिनिटे पिवळट व वासाचे पाणी येते. मोरीच्या अलीकडील नऊ घरांना असे होत नाही. तरी मोरीखालील पाइप उघडून तपासावा व दुरुस्त करावा, ही विनंती. सोबत: तारीखवार नोंद, गल्लीचा नकाशा, फोटो."

खाली सह्या, आणि प्रत्येक सहीपुढे घरपट्टीच्या पावतीवरचा मिळकत नंबर. सह्या पन्नास गोळा करायच्या मागे लागू नका, ज्या सहा घरांना त्रास आहे त्या सहा पाहिजेतच, बाकी आल्या तर चांगलं. फोटो काढताना काचेचा ग्लास पांढऱ्या कागदासमोर धरा, स्टीलच्या भांड्यात गढूळपणा दिसत नाही.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आवक-जावकमध्ये द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घ्यायची. हा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, कोणी म्हणालं "राहू द्या, साहेबांना सांगतो" तरी नम्रपणे थांबायचं. नगरसेवकाला जरूर सांगा, फोन करा, पण शिक्क्याची प्रत हातात ठेवून सांगा. आणि वॉलमनभाऊंना विसरू नका, गावातले सगळे वॉल आणि जुनी लाइन कुठून गेलीय हे त्या माणसाच्या डोक्यात असतं, आमच्याकडे मोरीखाली जुना जॉइंट आहे हे त्यांनीच दाखवलं.

पंधरा दिवस दर चार दिवसांनी आवक नंबर सांगून विचारा, आवाज चढवायचा नाही. काहीच हललं नाही तर माहिती अधिकार, २००५ चा कायदा. साध्या कागदावर ठरलेल्या नमुन्यात अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेवढेही नाहीत. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर पाहिजे. "काम का केलं नाही" असं विचारू नका, त्याचं उत्तर मिळत नाही, "आवक क्रमांक अमुकच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या व शेऱ्यांच्या नकला द्याव्यात" असं मागा. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर त्यानंतरच्या ३० दिवसांत पहिलं अपील. दुसरा रस्ता लोकशाही दिनाचा, म्हणजे अधिकारी समोर बसून तक्रारी ऐकतात तो दिवस, जिल्हाधिकारी ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज आधी १५ दिवस द्यावा लागतो आणि तालुक्याच्या लोकशाही दिनाला, म्हणजे तिसऱ्या सोमवारी, आधी जाऊन आलेलं असावं लागतं.

डेंग्यूचं इथेच सांगतो कारण तेही पाण्याच्या पाळीशीच जोडलेलं आहे. पाणी चार-आठ दिवसांनी येतं म्हणून आपण ड्रम, हौद, रांजण भरून ठेवतो, आणि त्या मच्छराला अंड्यापासून उडायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडं पूर्ण रिकामं करून आतून घासून कोरडं करायचं, घासायचंच, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. कुत्र्यांचं थोडक्यात, २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि रेबीजची लस देऊन कुत्रा परत त्याच भागात सोडतात, तेव्हा अर्जात "उचलून न्या" पेक्षा "नसबंदी व लसीकरण करावे" लिहा, आणि चावलं तर जखम साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवून लगेच इंजेक्शन.

खोदायला माणसं येतील त्या दिवशी गल्लीतलं कोणीतरी सुट्टी काढून तिथे उभं राहा. मेन लाइन पालिकेची असते पण तिथून घरापर्यंतचं कनेक्शन बहुतेक ठिकाणी आपल्या खर्चाचं, त्यामुळे जॉइंट बदलला आणि गंजलेले कनेक्शन तसेच राहिले तर वास परत येणार. आमच्याकडे मोरीखालचा जॉइंट त्यांनी बदलला आणि दोन घरांचे पाइप चाळणीसारखे निघाले, त्यातलं एक घर एकट्या राहणाऱ्या मावशींचं, तर त्यांच्या पाइपाचे पैसे गल्लीने वर्गणी काढून भरले आणि दोन्ही पाइप गटारीच्या वरून घेतले.

खड्डा बुजवल्या बुजवल्या "काम पूर्ण" वर सही मागतात. ती लगेच करू नका, पुढची पाळी येऊ द्या. आमची आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी आली. जिजींनी पहिल्याच धारेखाली ग्लास धरला, उजेडात बघितला, नाकाशी नेला, परत बघितला, आणि माहेरी आलेल्या लेकीला हाक मारून म्हणाल्या, "ये वो, तू बी देख." मी त्याच्या पुढची पाळीही बघितली आणि मगच कागदावर सही केली.